डायलिसिसवर असताना पोट का बिघडते?

मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिस सुरू झाले, की घरच्यांचे सारे लक्ष क्रिएटिनिनच्या आकड्याकडे, हिमोग्लोबिनकडे आणि हातावरच्या फिस्टुलाकडे लागते. रुग्णाची रोजची तक्रार मात्र बहुधा निराळी असते. तोंडाला चव नाही, दोन घास गेले की पोट गच्च होते, पहाटे मळमळते, तीन-तीन दिवस शौचास होत नाही. 'डायलिसिस म्हटले की हे चालायचेच' असे म्हणून या तक्रारी बाजूला सारल्या जातात. अनेकदा रुग्णही त्या डॉक्टरांपुढे काढत नाही. मूत्रपिंडाचा डॉक्टर पोटाचे काय ऐकणार, असा त्याचा भाबडा समज असतो.

प्रत्यक्षात डायलिसिसवरील रुग्ण किती दिवस आणि किती बऱ्या अवस्थेत जगेल, हे तो काय आणि किती खातो यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. रक्तातील अल्ब्युमिन घसरत गेलेल्या, स्नायू झिजलेल्या रुग्णांमध्ये जंतुसंसर्ग आणि मृत्यू यांचे प्रमाण अधिक असते, हे अनेक देशांतील पाहण्यांतून वारंवार दिसून आले आहे. म्हणूनच पोटाची तक्रार ही किरकोळ बाब राहत नाही. शिवाय डायलिसिसच्या दोन प्रकारांत पोट बिघडण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि त्यांवरचे उपायही वेगळे असतात. यंत्रावरच्या रुग्णाला दिलेला सल्ला पोटाचे डायलिसिस करणाऱ्याने पाळला, तर फायद्याऐवजी नुकसानच होण्याची शक्यता असते.

रक्तातील विष आणि तोंडाची चव

मूत्रपिंडे काम करेनाशी झाली की युरिया आणि प्रथिनांच्या विघटनातून तयार होणारी इतर अनेक द्रव्ये रक्तात साठतात. रक्तातला युरिया लाळेतही उतरतो. तोंडातील काही जीवाणू त्याचे अमोनियात रूपांतर करतात. श्वासाला येणारा उग्र दर्प आणि तांब्या-पितळेचे भांडे चाटल्यासारखी चव ही त्याचीच देणगी. मेंदूतील उलटीच्या केंद्रालाही ही द्रव्ये चेतवतात. त्यामुळे सकाळी उठल्याउठल्या उबळ येते आणि दात घासताना कोरडी उलटी होते. न थांबणारी उचकी हेही याच अवस्थेचे जुने लक्षण आहे. मांसाहारी रुग्णांना मटणाचा वाससुद्धा नकोसा होतो. ज्यातून प्रथिने मिळायची, नेमक्या त्याच पदार्थांवरची वासना उडते.

डायलिसिस नीट आणि पुरेसे होऊ लागले की ही लक्षणे काही आठवड्यांत बरीच कमी होतात. ती पुन्हा डोके वर काढू लागली, तर पहिली शंका डायलिसिस अपुरे पडत असल्याची घ्यावी लागते. आपल्याकडे ही शंका अगदी रास्त ठरते. हीमोडायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास करावे, हा सर्वमान्य संकेत आहे. भारतात मात्र खर्च, प्रवास आणि बुडणारा रोजगार यांमुळे असंख्य रुग्ण आठवड्यातून दोनदाच डायलिसिस करतात. २०१६ मध्ये केंद्राने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतूनही डायलिसिसचा खर्च मिळतो. तरीही गाव ते जिल्हा रुग्णालय हे अंतर आणि त्यात जाणारा दिवस यांची भरपाई कोणतीच योजना करत नाही. सुरुवातीला रुग्णाची थोडीफार लघवी टिकून असते, तोपर्यंत दोन वेळांवर निभावते. ती आटली की मळमळ आणि अन्नावरची अनिच्छा परत येते. अशा वेळी उलटी थांबवणारी गोळी देत राहणे म्हणजे मूळ दुखण्यावर पांघरूण घालणे होय.

पचनाच्या तक्रारींमागे मधुमेहाचाही मोठा हात असतो. भारतात मूत्रपिंडे निकामी होण्याच्या कारणांत मधुमेह अग्रस्थानी आहे. वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने पायांच्या नसा बधिर होतात, तशाच जठराच्या नसाही दुबळ्या होतात. दुपारी खाल्लेले संध्याकाळपर्यंत जठरातच पडून राहते. थोडे खाताच पोट फुगते आणि कधी सकाळचा घास रात्री उलटून पडतो. इन्सुलिन टोचले, पण अन्न पुढे सरकलेच नाही, तर साखर एकाएकी खाली येण्याचाही धोका असतो. दोन वेळच्या भरपेट जेवणाऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे खाणे या रुग्णांना अधिक मानवते.

यंत्रावरचे चार तास

हीमोडायलिसिसमध्ये रक्त शरीराबाहेर काढून गाळणीतून फिरवतात आणि परत सोडतात. त्याचबरोबर दोन डायलिसिसच्या मध्ये अंगात साठलेले पाणीही काढून टाकतात. मूत्रपिंडे जे काम रात्रंदिवस संथपणे करतात, ते येथे चार तासांत उरकायचे असते. दोन दिवसांत तीन-चार किलो वजन वाढवून आलेल्या रुग्णाचे तेवढे पाणी एका बैठकीत ओढले, की रक्तदाब उतरतो. मळमळ, उलटी, घाम, पोटात कळ आणि पायात गोळे ही त्याची लक्षणे. पुष्कळ रुग्ण याला 'डायलिसिसची उलटी' म्हणतात. ती बव्हंशी पाण्याच्या वजाबाकीची उलटी असते. मीठ कमी केले की तहान कमी लागते, तहान कमी लागली की पाणी कमी साठते आणि मग उलटीही टळते. केवळ पाणी तोडून ही साखळी तुटत नाही. पापड, लोणचे, फरसाण, बेकरीचे पदार्थ यांतले मीठ रुग्णाला तहानेने व्याकूळ करते आणि मग तांब्याला हात जातोच.

डायलिसिस चालू असताना खावे की नाही, यावर जगभरातील केंद्रांत एकमत नाही. काही देशांत रुग्णांना खाटेवरच जेवण देतात, तर काही ठिकाणी त्याला सक्त मनाई असते. मनाईचे कारण साधे आहे. जेवल्यावर शरीरातील रक्ताचा ओघ आतड्यांकडे वळतो आणि आधीच पाणी ओढले जात असल्याने रक्तदाब आणखी कोसळू शकतो. दुसरी बाजूही खरी आहे. सकाळी सहाला घर सोडून दुपारी दोनला परतणाऱ्या रुग्णाला उपाशी ठेवले, तर आठवड्यातले तीन दिवस तो निम्म्या आहारावर राहतो. ज्यांचा रक्तदाब स्थिर राहतो, त्यांनी सुरुवातीच्या तासात उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग किंवा पोळीचा लहानसा तुकडा असे काही खाण्यास हरकत नसते. रक्तदाब वारंवार उतरणाऱ्यांनी मात्र येण्यापूर्वी दीड-दोन तास आधी खाऊन येणे बरे.

रक्तदाब उतरण्याचा एक परिणाम दिसत नाही, पण तो फार घातक ठरू शकतो. आतड्यांना होणारा रक्तपुरवठा त्या वेळी आक्रसतो. वय झालेल्या, मधुमेही आणि धमन्या कठीण झालेल्या रुग्णांत आतड्याचा एखादा भाग रक्ताअभावी काळा पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. रक्तवाहिनीत गुठळी नसतानाही हे घडते. डायलिसिसच्या दरम्यान किंवा त्यानंतरच्या काही तासांत पोटात असह्य कळ सुरू झाली, पोट दाबले तर ते मऊच लागते, पण रुग्ण तळमळतो आहे, अशी विसंगती दिसली तर 'गॅस झाला असेल' म्हणून घरी थांबणे जिवावर बेतू शकते. या आजारात तासातासाला महत्त्व असते.

रक्तस्रावाचा धोकाही हीमोडायलिसिसमध्ये अधिक लक्षात घ्यावा लागतो. युरियाच्या विषामुळे रक्तातील प्लेटलेट संख्येने पुरेशा असल्या तरी कामात सुस्त असतात. त्यात यंत्रातील रक्त गोठू नये म्हणून दर वेळी हेपारिन देतात. हृदयविकार असल्यास ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल असतेच. जठरातील लहानशी जखम किंवा आतड्याच्या अस्तरातील फुगलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या यांतून मग रक्त झिरपत राहते. डांबरासारखे काळे, चिकट आणि दुर्गंधी येणारे शौच हे त्याचे लक्षण. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते. त्यामुळे कुटुंबीयांचा घोटाळा होतो. लोहाने रंग काळा झाला तरी शौच सहसा डांबरासारखे चिकट होत नाही आणि त्याला तो विशिष्ट दर्पही नसतो. हिमोग्लोबिन वाढवणारी इंजेक्शने नियमित घेऊनही आकडा घसरत असेल, तर पोटातून रक्त जात नाही ना, हे पाहावेच लागते. असा संशय आला, की हेपारिनशिवाय डायलिसिस करता येते. मात्र त्यासाठी ही गोष्ट सुया टोचण्यापूर्वी तंत्रज्ञाच्या कानावर जायला हवी.

एक कारण रुग्णाच्या शरीरात नसून भिंतीपलीकडच्या टाकीत असू शकते. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये रुग्णाच्या रक्ताचा संबंध सुमारे १२० लिटर पाण्याशी येतो. रक्त आणि पाणी यांच्यामध्ये पातळ पडदाच काय तो असतो. म्हणूनच हे पाणी पिण्याच्या पाण्याहून कितीतरी अधिक शुद्ध असावे लागते. ब्राझीलमधील कारुआरू या शहरात फेब्रुवारी १९९६ मध्ये घडलेली घटना डायलिसिसच्या इतिहासात कुप्रसिद्ध आहे. टँकरने आणलेल्या, नीट शुद्ध न केलेल्या पाण्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचे विष होते. केंद्रातील सुमारे १३० रुग्णांपैकी ११६ जणांना मळमळ, उलट्या आणि डोळ्यांपुढे अंधारी हा त्रास सुरू झाला. शंभरजणांचे यकृत निकामी झाले आणि त्यांतील किमान ५० दगावले. टँकरवर उन्हाळा काढणाऱ्या महाराष्ट्रातील शहरांना हे उदाहरण परके वाटू नये. एका रुग्णाला उलटी झाली तर कारण त्याच्यात शोधावे. एकाच पाळीतील तीन-चार रुग्णांना एकदम मळमळू लागले, तर संशय पाण्यावर घेतला पाहिजे.

बद्धकोष्ठ आणि पोटॅशियम

डायलिसिसच्या रुग्णांत सर्वांत अधिक आढळणारी आणि सर्वांत कमी बोलली जाणारी तक्रार म्हणजे बद्धकोष्ठ. जपानमधील एक तुलनात्मक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हीमोडायलिसिसवरील सुमारे ६३ टक्के, तर पोटाच्या डायलिसिसवरील सुमारे २९ टक्के रुग्णांना बद्धकोष्ठ असल्याचे दिसले. दोन प्रकारांतील हा फरक बोलका आहे. यंत्रावरच्या रुग्णाला पाणी मोजून प्यावे लागते. पोटॅशियम वाढू नये म्हणून फळे, पालेभाज्या आणि कोंडायुक्त धान्ये तोडली जातात आणि त्यांबरोबर चोथाही जातो. फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या कॅल्शियमच्या किंवा सेव्हेलेमरच्या गोळ्या आणि लोहाच्या गोळ्या आतडी सुस्त करतात. चालणे-फिरणे थांबलेले असते. चार तास खाटेवर जखडलेला असताना शौचाची भावना झाली, तर ती दाबून ठेवण्याखेरीज इलाज नसतो. काही महिन्यांत ती भावनाच बोथट होते.

येथे केवळ सुखा-असुखाचा प्रश्न नसतो. निरोगी माणसाच्या शरीरातील जास्तीचे पोटॅशियम मुख्यतः लघवीवाटे जाते. शौचावाटे जाणारा भाग दहा टक्क्यांच्या आसपास असतो. मूत्रपिंडे बंद पडली की मोठे आतडे आपण होऊन हे काम अंगावर घेते आणि शौचावाटे जाणारे पोटॅशियम जवळजवळ तिपटीपर्यंत वाढू शकते. निसर्गाने केलेली ही पर्यायी सोय बद्धकोष्ठाने बंद होते. आहारात काहीही चूक न करता ज्याचे पोटॅशियम सोमवारी वाढलेले निघते, त्याला 'काय खाल्लेस?' याबरोबरच 'पोट साफ झाले का?' हेही विचारायला हवे. पोटॅशियम वाढले की हृदयाचे ठोके अनियमित होऊन अचानक मृत्यू येऊ शकतो. शनिवार-रविवारच्या मोठ्या खंडानंतर हा धोका विशेष असतो.

उपाय निवडताना मात्र घरगुती अनुभव फसवा ठरतो. इसबगोल भरपूर पाण्याशिवाय काम करत नाही. पाणी तोडलेल्या रुग्णात ते उलट आतड्यात घट्ट बसू शकते. मॅग्नेशियमयुक्त पांढरी रेचक औषधे वर्ज्य, कारण मॅग्नेशियम बाहेर टाकणार कोण? फॉस्फेटचा एनिमा किंवा आतडी साफ करण्याची फॉस्फेटची द्रावणे यांचीही तीच गत. लॅक्ट्युलोजचे सरबत हा बहुधा पहिला पर्याय असतो. त्याने सुरुवातीला पोटात वायू धरतो, पण मूत्रपिंडांवर त्याचा भार पडत नाही. बिसाकोडिलसारख्या गोळ्याही डॉक्टरांच्या सल्ल्याने चालतात. पोटॅशियम उतरवण्यासाठी दिली जाणारी पॉलिस्टायरीन सल्फोनेटची पावडर स्वतःच शौच घट्ट करते. ती सॉर्बिटॉलमध्ये मिसळून दिल्यास आतड्याला जखमा आणि क्वचित त्याचा नाश होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये दिला. ज्याचे पोट आधीच अडलेले आहे, त्याच्या हाती ही पावडर देताना विचार करावा लागतो तो यामुळेच.

पोटातील दोन लिटर

दुसरा प्रकार पेरिटोनियल डायलिसिसचा. पोटाच्या पोकळीला आतून अस्तर असते. त्याचाच गाळणी म्हणून वापर करायचा, ही कल्पना त्यामागे आहे. पोटात कायमची बसवलेली मऊ नळी असते. तिच्यातून साधारण दोन लिटर द्रावण आत सोडतात, ते चार-सहा तास आत ठेवतात आणि काढून टाकून नवे भरतात. दिवसातून तीन-चार वेळा हे घरच्या घरीच करायचे असते. अमेरिकेतील पोपोविच आणि मॉनक्रीफ यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही पद्धत पुढे आणली. भारतात ती १९९० च्या दशकात रुजू लागली. राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात तिच्यासाठी २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना आल्या. तरीही आपल्याकडे बहुसंख्य रुग्ण यंत्रावरच आहेत.

येथे विषारी द्रव्ये संथपणे, अखंड बाहेर पडत असतात. रक्तदाबाची उतरंड क्वचित होते आणि डायलिसिसच्या दिवशीची उलटी व दुसऱ्या दिवशीचा थकवा हे चक्र टळते. खाण्यापिण्याची बंधनेही सैल असतात. पोटाला मात्र वेगळाच भार सोसावा लागतो. दोन लिटर द्रावण पोकळीत असताना जठर वरच्या बाजूला दाबले जाते. पोट सतत भरल्यासारखे वाटते, जळजळ होते, आंबट ढेकर येतात. जेवण आणि द्रावणाची वेळ एकच आली की त्रास दुणावतो. पोट रिकामे करून, जेवून आणि मग नवी पिशवी भरणे किंवा रात्री झोपेत यंत्राच्या साह्याने अदलाबदल करणे, यांनी बराच आराम पडतो. सततच्या दाबाने बेंबीजवळ किंवा जांघेत हर्निया होतो. ज्यांना तो आधीपासून आहे, त्यांचा हर्निया नळी बसवण्यापूर्वीच दुरुस्त करून घेणे श्रेयस्कर.

भूक मंदावण्याचे दुसरे कारण द्रावणातील ग्लुकोज हे आहे. अंगातले पाणी ओढून घेण्यासाठी ते घातलेले असते. दीड टक्क्याच्या दोन लिटरच्या एका पिशवीत ३० ग्रॅम आणि सव्वाचार टक्क्यांच्या पिशवीत ८५ ग्रॅम ग्लुकोज असते. त्यातील अर्ध्याहून अधिक पोटातून रक्तात शोषले जाते. तोंडाने काही न खाताही दिवसाला काहीशे कॅलरी शरीरात जातात आणि भूक मरते. वजन वाढते, ट्रायग्लिसराइड वाढतात, मधुमेहींची साखर चढते. दुसरीकडे, बाहेर येणाऱ्या द्रावणातून रोज पाच ते पंधरा ग्रॅम प्रथिने वाहून जातात. दिसायला गुटगुटीत झालेला रुग्ण आतून प्रथिनांचा भुकेला असू शकतो. 'डायलिसिस मानवले, वजन वाढले' असे समाधान मानणाऱ्या कुटुंबाच्या हे ध्यानात येत नाही.

पोटाच्या डायलिसिसमध्ये बद्धकोष्ठ कमी आढळत असले, तरी जेव्हा होते तेव्हा ते अधिक महागात पडते. मळाने भरलेले आतडे नळीला दाबते किंवा तिचे टोक जागेवरून सरकवते आणि द्रावण बाहेर येईनासे होते. नळी बिघडली म्हणून घाबरून धावत आलेल्या रुग्णाला पुष्कळदा फक्त रेचक दिल्याने काम भागते. त्याहून गंभीर बाब म्हणजे अडलेल्या आतड्यातील जीवाणू भिंत ओलांडून पोकळीत शिरतात आणि पेरिटोनायटिस होतो.

पेरिटोनायटिस ही या पद्धतीतील सर्वांत धास्तीची गोष्ट. बाहेर आलेले द्रावण नेहमी फिकट पिवळे आणि पारदर्शक असते. पिशवीखाली वर्तमानपत्र धरले तर अक्षरे वाचता यावीत, अशी खूण नर्स रुग्णांना शिकवतात. ते तांदळाच्या धुवणासारखे गढूळ दिसले, पोट दुखू लागले, ताप आला, की वेळ न दवडता रुग्णालय गाठायचे आणि ती पिशवीही सोबत न्यायची. प्रयोगशाळेत प्रति घन मिलिमीटर शंभराहून अधिक पांढऱ्या पेशी आणि त्यांतील निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल आढळल्या तर निदान पक्के समजतात. प्रतिजैविके पिशवीतूनच पोटात सोडता येतात आणि बहुतेक रुग्ण बरे होतात. मात्र तपासणीत आतड्यातील एकाहून अधिक जातींचे जीवाणू निघाले, तर आतड्याला कुठे भोक पडले नाही ना, हे शोधावे लागते.

पोटॅशियमच्या बाबतीत तर दोन्ही प्रकारांत उलटा न्याय आहे. सतत चालणाऱ्या डायलिसिसमुळे पोटाच्या डायलिसिसवरील कित्येकांचे पोटॅशियम कमी पडते. ते घसरले की आतड्यांची हालचाल मंदावते, पोट फुगते आणि पेरिटोनायटिसचा धोकाही वाढतो. त्यामुळे यंत्रावरच्या रुग्णाला जे केळे आणि नारळपाणी विषवत, तेच पोटाच्या डायलिसिसवरील एखाद्याला डॉक्टर स्वतः घ्यायला सांगतात. प्रतीक्षाकक्षात एका रुग्णाचा आहारतक्ता दुसऱ्याने उतरवून घेण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. ती येथे अंगाशी येते.

अनेक वर्षे, सहसा पाचाहून अधिक, हेच डायलिसिस चालू राहिल्यास क्वचित पेरिटोनियमवर जाड कवच तयार होते आणि आतडी त्यात आवळली जातात. वारंवार उलट्या, वजन घटणे आणि आतडे अडल्यासारखी लक्षणे ही त्याची चाहूल असते. हा विकार विरळा आहे, पण दीर्घकाळ पोटाच्या डायलिसिसवर असलेल्या रुग्णाची भूक अकारण आटली, तर तो डोळ्यांआड करता येत नाही.

स्वयंपाकघरातले गैरसमज

मूत्रपिंडाचा विकार सुरुवातीच्या अवस्थेत असताना प्रथिने कमी करायला सांगतात. डायलिसिस सुरू झाल्यावर हा नियम बदलतो, ही गोष्ट बऱ्याच घरांपर्यंत पोहोचतच नाही. वरण बंद, अंडी बंद, पनीर बंद, असा पथ्याचा जुना फलक तसाच टांगलेला राहतो. डायलिसिसच्या रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. ६० किलोच्या माणसाला म्हणजे ६० ते ७२ ग्रॅम. भात, पोळी आणि पातळ वरणावर हा हिशेब जुळत नाही. अंड्यातील पांढरे, मासे, चिकन किंवा शाकाहाऱ्यांसाठी पनीर, सोया आणि डाळी यांचे प्रमाण आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे लागते. भाजी चिरून भरपूर कोमट पाण्यात भिजवून, उकडून, ते पाणी ओतून टाकले तर तिच्यातील बरेच पोटॅशियम निघून जाते. रस्सा आणि कट भुरकण्याची हौस मात्र आवरायला हवी, कारण भाजीतले पोटॅशियम त्यातच उतरलेले असते.

उपवासाचा दिवस हा मराठी घरात खास जपण्याचा दिवस. एकादशी दुप्पट खाशी, ही म्हण डायलिसिसच्या रुग्णाला शब्दशः धोक्याची आहे. बटाटा, रताळे, शेंगदाण्याचा कूट, खजूर, केळी, सुकामेवा, नारळपाणी हे सारे पोटॅशियमचे, तर दाणे फॉस्फरसचेही भांडार. साबुदाण्यात पोटॅशियम नगण्य, पण प्रथिनेही जवळजवळ नाहीत. सैंधव खनिज आहे म्हणून चालते, हाही भ्रम. त्यातही मुख्यतः सोडियमच असते. 'लो सोडियम' म्हणून बाजारात मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असते. उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला ते बरे असेल, डायलिसिसच्या रुग्णाला ते जीवघेणे ठरू शकते.

एका फळाबद्दल विशेष बजावून सांगायला हवे. कोकणात आणि गोव्यात परसात येणारे, आडवे कापले असता चांदणीच्या आकाराचे दिसणारे करंबळ, म्हणजेच कमरख. 'कॅराम्बोला' हे त्याचे जगभर रूढ झालेले नाव पोर्तुगिजांनी मराठीतूनच नेले, असे कोशकार मानतात. निरोगी माणूस ते मीठ-तिखट लावून मजेत खातो. मूत्रपिंडे निकामी असलेल्याला मात्र एखादे फळही पुरे होते. त्यातील विष शरीराबाहेर पडत नाही आणि थेट मेंदूवर परिणाम करते. पहिले लक्षण म्हणजे न थांबणारी उचकी, मग उलट्या, गोंधळलेपण, झटके आणि मृत्यूदेखील. ब्राझीलमधील संशोधकांनी २०१३ मध्ये हे विषारी द्रव्य वेगळे काढले आणि त्याला कॅराम्बॉक्सिन असे नाव दिले. डायलिसिसच्या रुग्णाला अचानक उचकी लागली, तर घरगुती उपायांआधी त्याने काय खाल्ले ते विचारावे आणि करंबळाचे नाव निघाल्यास तातडीने डायलिसिससाठी न्यावे.

औषधांच्या डब्यातही बरेच काही दडलेले असते. पित्तावरची गुलाबी-पांढरी पातळ औषधे बहुधा ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम यांच्या क्षारांची असतात. जठरातील जखमेवर सर्रास दिले जाणारे सुक्राल्फेटही ॲल्युमिनियमचेच. हे धातू साठून हाडे आणि मेंदू यांवर परिणाम होतो, हे १९७० च्या दशकातच लक्षात आले होते. पाण्यात टाकताच फसफसणारे चूर्ण म्हणजे सोडियमचा मोठा घोट, त्यामागून तहान आणि पाणी. मेटोक्लोप्रामाइडसारख्या उलटीवरच्या गोळीची मात्रा कमी करावी लागते, अन्यथा मान वाकडी होणे, हात थरथरणे असे त्रास होतात. अंगदुखीवरच्या वेदनाशामक गोळ्या जठराला जखम करतात आणि उरलीसुरली लघवीही घालवतात. फॉस्फरस बांधणारी गोळी जेवणाच्या घासांबरोबरच घ्यायची असते. रिकाम्या पोटी घेतली तर फॉस्फरस तसाच राहतो आणि हाती उरते ते फक्त बद्धकोष्ठ आणि मळमळ.

भूक गेल्याने अंगावरचे मांस झडते, तेव्हा आणखी एक फसवणूक होते. डायलिसिसनंतर रुग्णाचे वजन किती असावे, हे 'कोरडे वजन' ठरवून दिलेले असते. तीन महिन्यांत स्नायू तीन किलोंनी घटले आणि ठरलेला आकडा तोच राहिला, तर ती जागा पाणी भरून काढते. काट्यावर वजन जसेच्या तसे दिसते, पण पायांवर सूज येते, रात्री धाप लागते. जेवण कमी झाल्याचे डॉक्टरांना सांगितले, की हा आकडा बदलता येतो.

पोटाच्या तपासण्या करतानाही डायलिसिसचा प्रकार आधी सांगणे अगत्याचे असते. पोटाच्या डायलिसिसवरील रुग्णाची कोलोनोस्कोपी करायची असेल, तर पोटातील द्रावण आधी पूर्ण काढतात आणि पेरिटोनायटिस टाळण्यासाठी प्रतिजैविक देतात. आयकोडेक्स्ट्रिनचे द्रावण वापरणाऱ्याच्या रक्तातील अमायलेजचा आकडा खोटाच कमी येतो. स्वादुपिंडाला सूज असूनही अहवाल निर्दोष दिसू शकतो. तेथे लायपेज पाहावे लागते. यंत्रावरच्या रुग्णाची एंडोस्कोपी शक्यतो डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी ठेवतात, कारण तोवर हेपारिनचा अंमल उतरलेला असतो आणि युरियाही खाली आलेला असतो.